हे उसनं अवसान आहे, ताई

प्रश्न: कळव्याहून एका आईने विचारलं आहे. मुलगी १९ वर्षांची, ठाण्यातल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, शाळेपासून खो-खो खेळते. मे महिन्यात शौचातून रक्त पडू लागलं. दोन महिने मूळव्याध समजून मलम लावण्यात गेले. शेवटी दुर्बिणीच्या तपासणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होण्याचा आजार, निघाला. वजन ५२ वरून ४५ किलोवर आलं, हिमोग्लोबिन ८.९. स्टेरॉइड आणि आतड्याची सूज उतरवणारी मेसालामाइनची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले. आता दिवसातून दोनदाच जाते, रक्त थांबलंय, भूक तर विचारूच नका. ती म्हणते, मी पूर्ण बरी आहे आणि पंधरा दिवसांनी कॉलेजची निवड चाचणी आहे तिला जाणार. वडील म्हणतात, खेळ कायमचा बंद. खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून नोकरी मिळेल ही आशा होती, ती वेगळीच. खो-खोच्या सरांना काही सांगितलेलं नाही, कारण पुढे लग्नाचं बघायचं आहे. आम्ही काय करावं?

उत्तर: ताई, घरातलं भांडण आधी मिटवते. या चाचणीला मुलीने उतरायचं नाही. आणि वडिलांनी खेळ बंदही करायचा नाही. आता दोघंही माझ्यावर सारखीच नाराज झाली असतील, तर पुढचं सांगते.

मी पोटविकारतज्ज्ञ आहे, ठाण्यात बावीस वर्षं दवाखाना चालवते. मैदानाशी माझा स्वतःचा संबंध शाळेतल्या लिंबू-चमच्यापुरता, आणि तोही लिंबू पडून संपलेला. पण आपल्या जिल्ह्यात खो-खो, कबड्डी आणि पळण्याचं वेड इतकं आहे की कोलायटिसची तरुण मुलं मैदानच घेऊन दवाखान्यात येतात. एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीकडून मला या वयात साखळी पळती म्हणजे काय ते शिकावं लागलं. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, तेव्हा औषधाचा डोस आणि तारखा तिच्या डॉक्टरांच्याच.

तिला बरं वाटतंय हे खोटं नाही. पण ते बोलणं गोळीचं आहे, आतडं अजून बोललेलं नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड साधारण ४० मिलिग्रॅमवर सुरू करतात आणि मग दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करत आठेक आठवड्यांत थांबवतात. तिसऱ्या आठवड्यात ती बहुधा ३० किंवा २५ वर असेल. या डोसवर सूज भराभर उतरते, भूक खवळते, झोप कमी होते, डोकं तरतरीत राहतं आणि डोंगर उचलू असं वाटतं. आपल्याकडे याला चपखल शब्द आहे, उसनं अवसान. उसनं म्हणजे फेडावं लागणारच.

फेड कुठून होते? मांड्यांतून आणि खुब्यांभोवतीच्या स्नायूंतून. आजारात सात किलो गेले त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले, आणि त्यावर स्टेरॉइड नेमके हेच मोठे स्नायू आणखी पोखरतं. भुकेने वजन परत येतं, पण ते आधी पाणी आणि चरबीच्या रूपात. चेहरा गोल होतो आणि शेजारीण म्हणते, "चांगली भरली हो पोरगी." काटा ५० दाखवेल तेव्हा पाय ४५ चेच असतील.

घरी एक चाचणी करून बघा, तिला पैसे लागत नाहीत. मुलीला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि हात न टेकता, गुडघ्याला न धरता उठायला सांगा. मग उकिडवं बसून सलग वीस उठबशा. खो-खोच्या मुलीला हे झोपेत जमायला हवं. सातव्या-आठव्या उठबशीला हात गुडघ्यावर गेला, तर तिचं तिलाच कळेल, मला सांगावं लागणार नाही. मी हे दवाखान्यातच करून घेते. आतापर्यंत माझ्याशी वाद घालणारी बहुतेक मुलं त्या फरशीवर गप्प झाली आहेत.

हाडांचंही तसंच. स्टेरॉइडने ती विरळ व्हायला लागतात, आणि तुमच्या मुलीला खांबावर सूर मारायचा आहे. स्टेरॉइड चालू असेपर्यंत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच. आपल्या उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्वाची पातळी किती कमी निघते हे पाहून मला अजूनही आश्चर्य वाटतं. एक खूणगाठ मात्र बांधून ठेवा. जांघेत खोलवर दुखून लंगडायला होत असेल, तर "स्नायू धरलाय" म्हणून शेकत बसू नका. स्टेरॉइडमुळे क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडतो, आणि तो एमआरआयमध्ये लवकर दिसला तरच उपयोग.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी ऐरोलीचा एक कबड्डीपटू माझ्याकडे होता, तुमच्या मुलीच्याच वयाचा. चौथ्या आठवड्यात पोट शांत, मुलगा खूश, मीही खूश. "थोडं थोडं खेळ" म्हणाले. थोडं म्हणजे किती, ते ना मी सांगितलं ना त्याने विचारलं. सामन्याला बाहेरगावी गेला, तिथे पाण्याने म्हणा कशाने म्हणा, जुलाब लागले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने ओफ्लॉक्सासिन असलेल्या गोळ्या दिल्या, जशा आपल्याकडे कुणालाही देतात. स्टेरॉइड चालू असताना या जातीची प्रतिजैविकं घेतली की टाचेवरचा जाड कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. हे मला पाठ होतं, पण त्याला सांगायचं राहिलं. टाच दोन दिवस दुखली, तिसऱ्या दिवशी चढाईत पाय रोवला आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखा आवाज झाला. शस्त्रक्रिया, प्लास्टर, पूर्ण हंगाम वाया. आतड्याने नव्हे तर टाचेने त्याचं वर्ष खाल्लं. तेव्हापासून स्टेरॉइडवर असलेल्या प्रत्येक खेळाडूच्या कागदावर मी लाल शाईने लिहून देते, "सिप्रो, ओफ्लॉक्स, लिव्होफ्लॉक्स मला विचारल्याशिवाय नाही."

त्याच कागदावर दुसरी लाल ओळ वेदनाशामकांची असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या घरोघरी सापडणाऱ्या गोळ्या काही जणांत कोलायटिस पुन्हा भडकवतात. खेळाडूंच्या पिशवीत त्या चण्याफुटाण्यांसारख्या असतात, मैत्रीण प्रेमाने काढून देते. तुमच्या मुलीने दुखण्याला पॅरासिटामॉल आणि बर्फ एवढंच ठेवावं. पाळीत पोट दुखतं म्हणून मेफेनॅमिक ॲसिड घेत असेल, तर तीही याच कुळातली, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला. मुली हे आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

आता रक्ताचं, जे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बायकांमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे पांडुरोग, ॲनिमिया. ८.९ म्हणजे स्नायूंपर्यंत प्राणवायू नेणाऱ्या गाड्यांपैकी चौथा हिस्सा बंद. चालताना ते जाणवत नाही, कारण हृदय जास्त फेऱ्या मारून भरून काढतं. नऊ मिनिटांच्या डावात पळतीला उतरल्यावर मात्र ती फेरी पुरत नाही. दम लागतो, छाती धडधडते आणि सरांना वाटतं पोरगी ढेपाळली, सराव नाही. ढेपाळली नसते, रक्त नसतं.

लोहाची गोळी द्यायची का शिरेतून लोह द्यायचं, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आतड्याला सूज असताना तोंडाने घेतलेलं लोह नीट शोषलं जात नाही, वर पोटात मुरडा होतो. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल आणि आजार सक्रिय असेल, तर शिरेतून देण्याकडेच माझा कल असतो. गोळी घेत असेल तर शौच काळं होईल हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री घरात रडारड. आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासताना एक गोम आहे. सूज असली की फेरिटिन खोटं वर दिसतं. निरोगी माणसात ३० च्या वर ठीक म्हणतात, पण सूज चालू असताना १०० पर्यंतचा आकडाही लोहाची कमतरता असू शकते. रिपोर्टवर "नॉर्मल" छापलंय म्हणून फाइल बंद करू नका. पाळी जास्त जात असेल तर तेही सांगा, रक्त दोन दारांनी जात असतं आणि आपण एकच दार बंद करत बसतो.

पोट खरंच शांत झालंय का, हे कसं कळणार? रक्त थांबणं आणि शौचाच्या खेपा कमी होणं ही पहिली पायरी. आतल्या आवरणाच्या जखमा भरायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यासाठी आतड्याची सूज दाखवणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी आहे. स्वस्त नाही, पण पुन्हा पुन्हा दुर्बीण टाकण्यापेक्षा बरी. १५० च्या खाली आलं की मी निश्चिंत होते, २५० च्या वर राहिलं की मुलगा कितीही उड्या मारत असला तरी औषधांकडे परत बघते. वेदनाशामक घेतलेली असली तर हा आकडाही फसवा वर जातो, तेव्हा नमुना देताना खरं सांगा.

म्हणून मैदानाचा दरवाजा मी तारखेवर उघडत नाही. स्टेरॉइड १० मिलिग्रॅमच्या खाली आलेलं किंवा बंद, हिमोग्लोबिन ११ च्या पुढे आणि चढतं, रात्री शौचासाठी उठावं लागत नाही, कॅलप्रोटेक्टिन उतरतंय आणि त्या वीस उठबशा हसत होतायत. हे सगळं जमलं की जोराचा सराव. तुमच्या मुलीच्या बाबतीत माझा अंदाज दोन ते तीन महिने, पूर्ण सामना त्यानंतर. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने झटक्यात बंद करून दरवाजा लवकर उघडायचा प्रयत्न मात्र नको. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी तोवर झोपलेली असते, ती जागी व्हायला वेळ लागतो.

दोन-तीन महिने खाटेवर बसवून ठेवायचं नाही. मध्यम व्यायामाने कोलायटिस बिघडत नाही, उलट हाड, स्नायू, झोप, मन सगळ्याला फायदाच. आजपासून चालणं सुरू करा. उपवनला जा, मासुंदा तलावाला फेऱ्या मारा, जवळ संडास कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास, बोलता येईल एवढ्या वेगाने. त्याबरोबर घरात उठबशा, भिंतीला टेकून अर्ध्या खुर्चीत बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं. मग चालणं आणि हळू धावणं आलटून पालटून. मग खांबाभोवती वळणं, अर्ध्या वेगाने. सूर मारणं सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीनंतर पुढचे चोवीस तास शौचाकडे लक्ष. नेहमीपेक्षा दोन खेपा जास्त झाल्या किंवा रक्ताचा थेंब दिसला, की एक पायरी खाली उतरून डॉक्टरांना फोन. आणि सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजून वहीत लिहावी. ती रोजच्यापेक्षा दहाने वर असेल त्या दिवशी फक्त चालणं. येऊरचा चढ तीन महिने विसरा.

एक गोष्ट मात्र घाबरून न जाण्याची. जोरात पळाल्यावर धडधाकट माणसालाही पातळ होतं, लांब पळणाऱ्यांना विचारा. पळताना रक्त पायांकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं, वर हिसके बसतात. तेव्हा पळून आल्यावर एकदा पातळ झालं म्हणजे आजार उलटला असं नाही. रक्त, रात्रीचं उठणं आणि ताप ही त्याची खरी लक्षणं.

आता हे मुलीला वाचायला द्या.

बाळा, खो-खोत तुझी अडचण पळताना येणार नाही, बसल्यावर येईल. आक्रमणात पाटीवर उकिडवं बसायचं असतं, आणि आपल्याकडे उकिडवं बसणं म्हणजे शरीराला कोणता इशारा आहे हे तुला सांगायला नको. कोलायटिसमध्ये सूज गुदाशयापासूनच, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागापासूनच, सुरू होते. सुजलेला गुदाशय थोडंही धरून ठेवत नाही. म्हणून घाई येते ती सेकंदांत, आणि कित्येकदा जाऊन बसलं तर फक्त चिकट आव पडते. याला तुझा भित्रेपणा जबाबदार नाही. गुदाशयाची सूज उतरवायला तोंडाच्या गोळीपेक्षा रात्री लावायची मेसालामाइनची गुदवर्ती, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची औषधाची कांडी, बरेचदा जास्त कामाची, आणि नेमकी तीच मुलं लावत नाहीत. लाज वाटते. स्पर्धेच्या गावी शाळेच्या वर्गात सतरंजीवर बाराजणी झोपणार, तिथे कशी लावायची? लाव, संडासात जाऊन झोपायच्या आधी लाव, कुणी विचारलं तर औषध आहे म्हण. त्या मुलींपैकी निम्म्याजणी कसल्या ना कसल्या गोळ्या घेत असतात.

वेळ बांधून घे. सकाळी सहाचा सराव असेल तर साडेचारला ऊठ, गरम पाणी, पाहिजे तर चहा. चहाने आतडं हलतं, ती खोड आपल्या कामी लावायची. दोनदा जाऊन मगच घर सोड. लोकलमध्ये संडास नसतो. कळवा ते ठाणे एकच स्टेशन आहे म्हणून निभावतं, पण वाशी-पनवेलला सामना असेल तेव्हा एक गाडी आधीची धर आणि कुठल्या स्टेशनवर उतरून जाता येईल ते माहीत असू दे. पिशवीत एक जादा चड्डी, कागदी रुमाल, पाण्याची बाटली, एक काळी पॅंट. माझ्या एका पळणाऱ्या रुग्ण मुलीने सांगितलं, ही पिशवी पहिल्या महिन्यानंतर तिला कधी उघडावीच लागली नाही, पण ती खांद्याला असली की पोट शांत असतं. मला हे औषधशास्त्रात कुणी शिकवलं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी खाण्याचं फार अवघड करू नकोस. तीन-चार तास आधी मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, केळं. दूध तुला पचतं का ते सरावाच्या दिवशी तपास, सामन्याच्या दिवशी नाही. पोट बरं असतानाच्या काळात बाकी सगळं खायचं, भाकरी, भाज्या, मासे. जन्मभर पेज आणि दहीभात यावर राहणाऱ्या मुली मी पाहिल्यात, त्यांचा आजार बरा होतो आणि पाय काड्यांसारखे राहतात. दर किलो वजनामागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतील, म्हणजे तुला रोज सत्तरेक ग्रॅम. दोन अंडी, दोन वाट्या डाळ-उसळ, दही-पनीर आणि एक मासळीचा तुकडा यांत हे बहुतेक बसतं. मामलेदारची मिसळ निवड झाल्यावर, आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. जिममधल्या मुलाने दिलेली पावडर मात्र नको. त्यात गोडीसाठी घातलेल्या पदार्थांनी जुलाब होतात, आणि डब्यावर न लिहिलेलं काही निघालं तर उत्तेजक चाचणीत तू अडकशील.

पाणी कमी पडलं तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच घोळायची, पेल्यात नाही. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली ती उगाच नाही. मेसालामाइन क्वचित मूत्रपिंडाला त्रास देतं, म्हणून शरीर सुकू द्यायचं नाही आणि क्रिएटिनिन अधूनमधून तपासायचं. पोट बरं वाटायला लागलं की ही गोळी सोडून देणं हे कोलायटिस उलटण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण. तू सोडू नकोस.

आता पुन्हा ताईंशी बोलते.

उत्तेजकांचा विषय निघालाच तर सांगते, कारण मुलगी विद्यापीठाच्या किंवा राष्ट्रीय पातळीवर गेली तर हा उपटेल. तोंडाने, टोचून किंवा गुदमार्गे दिलेलं स्टेरॉइड स्पर्धेच्या काळात वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत निषिद्ध आहे. स्टेरॉइडचा एनिमासुद्धा. मेसालामाइन आणि याच आजारातलं दुसरं औषध अझाथायोप्रिन यादीत नाहीत. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त काही शिरेतून देणंही निषिद्ध पद्धतीत मोडतं. रुग्णालयातल्या उपचाराला त्यातून मुभा आहे, पण लोहाचं किंवा याच आजारावरच्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाचं सलाइन कुठे, कधी, का दिलं याचा कागद जपून ठेवा. गरज पडली तर नाडाकडे, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करता येतो, शक्यतो स्पर्धेच्या तीस दिवस आधी. नाडाचं "नो युअर मेडिसिन" हे ॲप मुलीच्या मोबाइलमध्ये असू द्या. कॉलेजच्या पातळीवर कुणी तपासायला येणार नाही असं गृहीत धरून बेफिकीर राहिलेले लोक मला माहीत आहेत.

सरांना सांगायचं. यावर माझं मत पक्कं आहे. नातेवाइकांना सांगू नका, सोसायटीत सांगू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. पण सरांना सांगा. न सांगता ती मध्येच पाटीवरून उठून धावली तर ती बेशिस्त ठरते, सांगितलं तर नाही. फार बोलायचं नाही. "हिला मोठ्या आतड्याला सूज येण्याचा जुना आजार आहे, तो संसर्गाचा नाही. औषध चालू आहे, अमुक महिन्यापर्यंत जोराचा सराव नाही. मध्येच जावं लागलं तर ती न विचारता जाईल." एवढं आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बहुतेक सर समजून घेतात. न समजणारे भेटलेच तर ते आधी कळलेलं बरं.

मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू डॅरेन फ्लेचर माहीत आहे का, तुमच्या मुलीला असेल. त्याने डिसेंबर २०११ मध्ये या आजारासाठी खेळ थांबवला, तोवर तो सहकाऱ्यांपासूनही लपवत होता. सप्टेंबर २०१२ मध्ये परतला, पण जानेवारी २०१३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. पुन्हा मैदानात उतरला तो डिसेंबर २०१३ मध्ये, आणि नंतर वेस्ट ब्रॉम या दुसऱ्या क्लबचा कर्णधार झाला. नाव वल्हवण्याच्या शर्यतीतल्या ब्रिटनच्या स्टीव्ह रेडग्रेव्हला १९९२ साली हाच आजार निघाला, त्यानंतर १९९६ आणि २००० च्या ऑलिम्पिकमध्येही त्याने सुवर्ण मिळवलं. मी ही नावं वडिलांसाठी सांगते. मुलीला मात्र फ्लेचरचं पहिलं परतणं जास्त लक्षात राहू दे.

लग्नाचं विचारलंत म्हणून. आजार ताब्यात असताना मूल होण्यात बहुतेकींना अडचण येत नाही, मेसालामाइन गरोदरपणातही चालू ठेवतात. माझ्या कितीतरी रुग्ण मुली आता आपल्या मुलांना सर्दीसाठी घेऊन येतात, आणि मी त्यांना बालरोगतज्ज्ञाकडे पिटाळते. १९ वर्षांच्या मुलीच्या लग्नाची काळजी तुम्ही आणखी काही वर्षं पुढे ढकललीत तर आतड्यालाही बरं वाटेल.

घाबरायचं कधी, तेही ठाऊक हवं. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी या आजाराच्या तीव्र झटक्याची जी मोजपट्टी दिली, ती आम्ही आजही वापरतो. दिवसात सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब, आणि त्याबरोबर नाडी ९० च्या वर किंवा ताप ३७.८ सेल्सिअसच्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली. असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच रुग्णालयात. आजार भडकलेला असताना पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखली, तर ती चोळायची नाही, दाखवायची.

निवड चाचणीच्या दिवशी तिला घरी कोंडू नका. सरांशी आधी बोलून तिला गुणलेखकाच्या टेबलावर बसवा, वही आणि घड्याळ हातात द्या. परत येताना सिव्हिलजवळच्या किंवा तुमच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत हिमोग्लोबिन, सूज दाखवणारं सीआरपी आणि फेरिटिनसाठी रक्त देऊन या, आणि कॅलप्रोटेक्टिनची डबी घरी घेऊन जा. नमुना सकाळच्या पहिल्या शौचाचा द्यायचा.